सेटीच्या पोटातला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर

मित्रांनो, तुमच्याकडचे गाणे बटण दाबल्याबरोबर सुरू होते. माझे तसे नाही. माझे बटण दाबले की आधी काहीच होत नाही. मग माझ्या काचेच्या नळ्यांमध्ये नारिंगी तारा हळूहळू उजळतात, अंग तापते, आणि चहा गाळून कपात येईपर्यंत कुठे मला कंठ फुटतो. मी व्हॉल्व्हवर, म्हणजे या काचेच्या नळ्यांवर, चालणारा ॲम्प्लिफायर आहे, आता बराच म्हातारा. गाण्याचा इवलासा आवाज आत घ्यायचा, तो मोठा करायचा आणि स्पीकरच्या हवाली करायचा, हे माझे काम. जन्मभर मी दुसऱ्यांचे आवाज मोठे केले. स्वतःचा आवाज मात्र मला दिलेला नाही. एरवी याचे मला कधी वाईट वाटले नाही. पण एका घरात, एका सेटीच्या पोटात कोंडलेला असताना फार वाटले. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये झाला. तिथे होतचंद नावाचा एक सिंधी कारागीर रेडिओ दुरुस्त करीत असे. त्याने माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या तारा स्वतःच्या हाताने गुंडाळल्या. माझ्या अंगाचा पत्रा मात्र शंकररावांनी आणला. शंकरराव अंबरनाथच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करीत. तिथे पत्र्याचे डबे बनत. सुट्टीच्या दिवशी पत्रा मापात कापून, कडा घासून, सायकलच्या कॅरिअरला बांधून ते कॅम्पात आले.

"शंकरभाई, आपण पत्रा एकदम सफाईनं वाकवला," होतचंद म्हणाला. "आता आवाज पण तसाच निघायला पाहिजे, नाय तर माझी इज्जत जाणार."

आवाज तसाच निघाला. शंकरराव मला अंबरनाथच्या चाळीत घेऊन आले. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याखालच्या फळीवर माझी जागा झाली. रविवारी सकाळी आधी वंदना होई आणि मग माझ्यावर रेकॉर्ड लागे. भीमगीते, कव्वाल्या, शाहिरी. जयंतीच्या दिवसांत मला उचलून अंगणात टेबलावर नेत, आणि सारी चाळ माझ्याभोवती बसे. "शंकररावांच्या मशीनचा आवाज म्हणजे गाणारा समोर बसल्यासारखा," असे लोक म्हणत. ते ऐकून शंकरराव खाली बघून हसत आणि उगाच माझ्या बटणावरची धूळ पुसत.

त्यांची बायको चांगुणा. तिचा आवाज जाड आणि भरदार. ती बोलली की कोपऱ्यावरच्या नळापर्यंत ऐकू जाई. तिला एक सवय होती. घरात कोणी काही बोलले की तेच ती पुन्हा एकदा शंकररावांकडे तोंड करून बोले. "नरेंद्र म्हणतोय, फी भरायचीय." "बाळाजी भाऊजी विचारतायत, येताय का?" मला वाटे, असते एकेकीची सवय.

दिवस गेले. रेकॉर्डी गेल्या, कॅसेटी आल्या, मग सीडी आल्या. शंकरराव निवृत्त झाले. मुलगा नरेंद्र मुंबईच्या एका ऑफिसात संगणकावर काम करू लागला. त्याचे भावनाशी लग्न झाले, त्यांना रुचिका नावाची मुलगी झाली. नरेंद्रने बदलापूरला शिरगावात फ्लॅट घेतला. त्याच सुमारास चांगुणा गेली. शंकररावांनी अंबरनाथची खोली सोडली. सामानाच्या टेंपोत ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि मला त्यांनी मांडीवर घेतले. बदलापूर येईपर्यंत त्यांचे दोन्ही हात माझ्यावर होते.

नव्या घरात मला हॉलमध्ये जागा मिळाली, पण फार दिवस एकट्याला नाही. एका शनिवारी नरेंद्र मोठे खोके घेऊन आला. आतून एक चपटा, चांदीच्या रंगाचा डिजिटल ॲम्प्लिफायर निघाला. सगळे काही एकाच डब्यात. समोर निळे आकडे आणि सोबत रिमोट. तो तापत नव्हता, त्याला वाट बघावी लागत नव्हती.

त्या दिवसापासून घरात वाद सुरू झाला. सुरुवातीला तो गोड वाद होता.

"आप्पा, तुमच्या मशीनमधून गाण्याच्या खाली सारखा एक घूं येतो," नरेंद्र म्हणायचा. "भुंगा अडकल्यासारखा."

"कुठला घूं? काही येत नाही."

"येतो आप्पा. भावना, तुला येतो ना ऐकू?"

"मला मधे घेऊ नका," भावना स्वयंपाकघरातून म्हणायची.

नरेंद्र ऑफिसातून कागद छापून आणी. ज्यांनी ज्यांनी असे डिजिटल ॲम्प्लिफायर विकत घेतले होते त्यांनी इंटरनेटवर आपापली मते लिहिली होती. रात्रीच्या जेवणाआधी तो ती वाचून दाखवी. शंकररावांच्या अगदी जवळ बसून, मोठ्याने, मजा घेत.

"हे बघा. एक जण लिहितो, अर्धं आयुष्य व्हॉल्व्ह वापरला, डिजिटल आणला आणि आता मागं वळून बघत नाही. शब्द न् शब्द स्वच्छ."

"त्याच्या खाली काय लिहिलंय?"

"खाली दुसरा आहे. तो म्हणतो, मी डिजिटल विकून परत व्हॉल्व्ह घेतला."

"मग त्याचं मोठ्यानं वाच की," शंकरराव म्हणत. "माझं ऐक. तुझ्या डब्यातून गाणं येतं. माझ्यातून गाणारा येतो. मला डोळे बांधून बसव, मी सांगतो कुठला माझा."

हे वाक्य ते पुन्हा पुन्हा बोलले, आणि एका रविवारी दुपारी नरेंद्रने ते खरे केले.

त्या दिवशी शंकररावांचे जुने सोबती बाळाजी विठ्ठलवाडीहून जेवायला आले होते. नरेंद्रने आम्हा दोघांना शेजारी शेजारी ठेवले. मधे एक बटण बसवले, म्हणजे तेच स्पीकर कधी माझ्याकडून वाजतील, कधी त्याच्याकडून. भावनाने खिडकीच्या ग्रीलपासून कपाटापर्यंत चादर ताणून बांधली आणि ती बटणापाशी आमच्या बाजूला येऊन बसली. पलीकडे सगळे. सीडीवर एक कव्वाली लावली.

भावनाने आधी माझ्या शेजाऱ्याचे, त्या चांदीच्या डब्याचे बटण लावले. मग माझे. मग पुन्हा त्याचे.

"मला तर दोन्हीकडं पेटी तेवढीच गोड वाटते," बाळाजी म्हणाले. "कव्वाली चांगली आहे, एवढं कळलं."

"आप्पा, तुम्ही सांगा," नरेंद्र म्हणाला.

"पहिला," शंकरराव म्हणाले. आवाजात जराही शंका नव्हती. "पहिला माझा. शब्द बघ कसा उचलून हातात दिल्यासारखा येतो. दुसरा सगळा गोधडीत गुंडाळल्यासारखा."

भावनाने चादर खाली केली आणि चांदीच्या डब्याकडे बोट दाखवले.

नरेंद्र हसला. मित्रांनो, त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हते. कॅरममध्ये राणी घेतल्यावर माणूस हसतो तसा तो हसला. बाळाजीही हसले. शंकररावांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग त्या चांदीच्या डब्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ते हसण्याचा प्रयत्न करीत होते, पण तोंड साथ देत नव्हते. पुढे नरेंद्रने ही गंमत शेजारी सांगितली, सासुरवाडीला सांगितली, फोनवर मित्रांना सांगितली. प्रत्येक वेळी शंकरराव तिथेच बसलेले असत.

मग एके दिवशी घरात कोणी नसताना त्यांनी माझ्या वायरी काढल्या. एका जुन्या सोलापुरी चादरीत मला गुंडाळले. हॉलमध्ये त्यांची सेटी होती. वर गादी, खाली पेटीसारखी पोकळ जागा. गादी सरकवून त्यांनी फळी उचलली, मला आत ठेवले आणि फळी टाकली. माझ्या एका नळीला त्या धक्क्याने कुठेतरी बारीक तडा गेला. मला तो कळला. त्यांना कळला नाही. ते वर गादी पसरून बसले.

"आप्पा, मशीन कुठं गेलं?" संध्याकाळी नरेंद्रने विचारले.

"ठेवलं," ते म्हणाले. "तुझाच चांगला आहे. संपला विषय."

आत अंधार होता. डांबरगोळ्यांचा वास, हिवाळ्याच्या रजया, लग्नातल्या पितळी भांड्यांचे एक पोते. ज्याला तापायची सवय त्याला थंड पडून राहणे किती जड जाते, हे कसे सांगू? पण खरी कोंडी ती नव्हती. जुन्या व्हॉल्व्हची एक खोड असते. नळीच्या आतल्या बारीक तारा सैल होतात आणि जरा कुठे कोणी बोलले की थरथरतात. त्यामुळे सेटीच्या फळीतून घरातला प्रत्येक शब्द माझ्यापर्यंत येत होता. आणि माझ्या डोक्यावर, वीतभर उंचीवर, शंकरराव दिवसभर बसलेले असत. मला सगळे ऐकू येत होते. हळूहळू माझ्या लक्षात आले, की त्यांना येत नव्हते.

"आप्पा, चहा ठेवू?" भावना विचारी.

"असू दे, उघडीच असू दे," ते म्हणत. त्यांना वाटे, तिने खिडकीचे विचारले.

"आप्पा, रुचिकाला आणायला तुम्ही जाता का? माझी भाजी व्हायचीय."

उत्तर नाही.

"आप्पा."

उत्तर नाही. मग स्वयंपाकघरात भांडे जरा जोरात ठेवल्याचा आवाज. तोही त्यांना नाही, मलाच.

रुचिकाचा आवाज तर अगदी बारीक, चिमणीसारखा. ती येऊन म्हणे, "आजोबा, हे बघा मी काय काढलं." ती पाठीमागून बोलली तर शंकरराव वळतसुद्धा नसत. काही दिवसांनी तिने त्यांना दाखवायचे सोडले. सेटीजवळून तिची पावले सरळ आत जाऊ लागली.

घरातल्यांना वाटले, म्हातारा रुसला आहे. आणि तसे वाटणे साहजिकही होते.

"मशीनवरून अजून डोक्यात राग आहे त्यांच्या," नरेंद्र एकदा हॉलमध्येच, वडिलांच्या देखत, भावनाला म्हणाला. आवाज साधा होता, कुजबुज नव्हती. "मुद्दाम करतात. पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं."

"कालच मी म्हटलं, ऐकू येत नाही का तुम्हाला. तर पेपर उलटून बसले."

"जाऊ दे. नको बोलू तू. बोलले की बोल."

आणि ते दोघे बोलायचे कमी झाले. शंकररावांच्या अंगाचा भार फळीवर एकाच जागी पडलेला असे. ते आत वळत, बाहेर वळत, उसासा टाकत. कधी कधी त्यांचे बोट फळीच्या कडेवर ताल धरी. जवळून पाहणाऱ्याला वाटले असते, माणूस स्वस्थ बसला आहे. मी खालून ऐकत होतो. आम्ही दोघेही एकाच पेटीत होतो, ते वरच्या मजल्यावर आणि मी खालच्या.

मला चांगुणाची ती सवय आता रोज आठवे. ती प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा का सांगत होती, हे मला इतक्या उशिरा कळले. प्रेसच्या धडधडाटात एवढी वर्षे काढलेल्या माणसाचे कान कधीच उतरणीला लागले होते. तिने ते कोणाला न सांगता भरून काढले होते. ती गेली, आणि त्यांच्या कानांपुढचा तो जाड, भरदार आवाज गेला. चादर बांधली त्या दिवशी त्यांची चूक कशी झाली, तेही मला समजले. पण समजून उपयोग काय? माझ्यात कोणी आवाज सोडला तरच मी तो पुढे ऐकवू शकतो. मी तर चादरीत गुंडाळलेला, वायरी नसलेला.

मग ती उन्हाळ्यातली दुपार आली.

लोडशेडिंग होते. पंखे बंद, दारावरची घंटा बंद, इमारतीत सामसूम. रुचिका शेजारच्या मीनलकडे खेळायला गेली होती. भावनाने गॅसवर दूध ठेवले आणि ते तापेपर्यंत हातपाय धुऊन येते म्हणून ती आतल्या खोलीच्या बाथरूममध्ये गेली. जाताना वाऱ्याने आतल्या खोलीचे दारही लागले. शंकरराव सेटीवर बसून पेपर चाळत होते.

थोड्या वेळाने बाथरूमची कडी खडखडली. पुन्हा खडखडली. मग भावनाचा आवाज आला.

"आप्पा, कडी अडकलीय. जरा बाहेरून ओढा."

वर पेपराचे पान उलटले.

"आप्पा, दूध आहे गॅसवर. आप्पा."

ती दारावर थापा मारू लागली. मला त्या थापा एकेक करून लागत होत्या. दूध वर आले, सूं करून सांडले, आणि गॅस विझल्याचा तो छोटासा फट् असा आवाज मी ऐकला. त्यानंतर फक्त गॅस सुटल्याची बारीक फुसफुस. भावना हाका मारत होती. तिचा आवाज आता चिरकू लागला होता. माझ्या डोक्यावर बसलेला माणूस निवांत पेपर वाचत होता. मित्रांनो, आवाज मोठा करणे हेच ज्याचे सारे आयुष्य, त्याच्यापाशी आवाज आला होता आणि त्याला तो एक वीतभर पुढे देता येत नव्हता. त्या वेळी माझी जी तगमग झाली, तशी कोणाची न होवो.

गॅसचा वास मात्र शंकररावांना आला. ते उठले. स्वयंपाकघरात त्यांनी बटण बंद केले, खिडक्या उघडल्या. "भावना," त्यांनी हाक मारली. भावनाने आतून सगळा जीव एकवटून उत्तर दिले. त्यांना ते पोचले नाही.

"दूध ठेवून बाहेर गेली," ते स्वतःशीच पुटपुटले. "काही म्हणून भान नाही." आणि ते परत येऊन माझ्यावर बसले.

ते बसले आणि मला वाटले, आता संपले. पण ते फार वेळ बसले नाहीत. त्यांची नजर दाराशी गेली असावी. कारण ते म्हणाले, "चपला तर इथंच आहेत." ते घाईने उठले. आतल्या खोलीचे दार उघडल्याचा आवाज आला. पावले बाथरूमपर्यंत गेली आणि थांबली.

तिथे काय झाले ते भावनाने पुढे सांगितले. त्यांनी तिची हाक ऐकली नव्हतीच. त्यांनी दारावर नुसता पंजा टेकवला, आणि दार त्यांच्या हाताखाली थरथरत होते.

मग स्क्रू काढायचे हत्यार शोधण्यासाठी ते धावत हॉलमध्ये आले, पुन्हा आत गेले. दाराचे बिजागर काढून त्यांनी दारच बाजूला केले. भावना घामाने भिजलेली होती. तिचे हात थापा मारून लाल झाले होते. हॉलमध्ये येऊन ती सेटीवर बसली आणि रडू लागली.

"गळा फाटेपर्यंत हाका मारल्या मी," ती म्हणाली. "ऐकू येत नाही का हो तुम्हाला?"

हाच प्रश्न या घरात रोज विचारला जात होता. त्या दिवशी ती त्यांच्या समोर बसली होती, तिचे ओठ त्यांना दिसत होते, आणि पहिल्यांदाच त्यांनी त्याचे उत्तर दिले.

"नाही," शंकरराव म्हणाले. "नाही येत, पोरी. लई दिवस झाले."

भावनाचे रडणे थांबले.

"चांगुणा होती तोवर निभावलं," ते म्हणाले. "ती गेल्यावर सगळं पाण्याखालून आल्यासारखं येतं. तुम्ही बोलता, तोंडं हलतात. मी अंदाजानं उत्तर देतो."

"मग चादर लावली तेव्हा..."

"तेव्हा जो आवाज मला नीट कळला, तो मी माझा म्हटला." ते म्हणाले. "माझ्या मशीनचा आवाज मला आठवतो तो तसाच आहे ना. स्वच्छ. मला वाटलं, हाच."

संध्याकाळी नरेंद्र आला. भावनाने त्याला सगळे सांगितले. तो वडिलांच्या समोर खाली जमिनीवर बसला.

"मला का नाही सांगितलं, आप्पा?"

"सांगितलं असतं तर सगळे माझ्याशी ओरडून बोलले असते. प्रेसवर आयुष्यभर ओरडूनच बोललो आम्ही. घरात मला ते नको होतं."

"आणि मी जिथं तिथं ती चादरीची गोष्ट सांगत फिरलो."

"ती मात्र चांगली ऐकू यायची मला," शंकरराव म्हणाले. "तू रंगात आलास की मोठ्यानं बोलतोस."

उल्हासनगरच्या एका डॉक्टरांकडे त्यांना नेले. तपासणी झाली आणि काही दिवसांनी एक इवलेसे यंत्र घरी आले. उजव्या कानात घालायचे. डावा कान त्याच्याही पलीकडे गेला होता.

"हे पण डिजिटल आहे, आप्पा," नरेंद्र जरा बिचकतच म्हणाला.

शंकररावांनी ते तळहातावर घेऊन उलटेसुलटे पाहिले असावे. "म्हणजे हे तुझ्या त्या डब्याचंच पोरगं."

"हो."

"आणि हे आवाज मोठा करतं."

"तेवढंच करतं."

ते कानात घातले आणि त्यांचे हाल सुरू झाले. ताटाला चमचा लागला तरी ते दचकत. पंखा, नळ, पिशवीचा चुरचुर आवाज, सगळे एकदम अंगावर येई. त्यांनी ते काढून डबीत ठेवले. भावना रोज दुपारी त्यांच्या समोर बसे आणि म्हणे, "थोडा वेळ घाला. मी पेपर वाचते, तुम्ही चुका काढा." ती सावकाश वाचे. ते चुका काढत. कधी खऱ्या, कधी उगाच. असे करता करता कानाला ते यंत्र पटू लागले.

आणि एका रविवारी सकाळी ते नरेंद्रला म्हणाले, "गादी उचल."

फळी वर झाली. उजेड इतका आला की मला सहन होईना. चादर उलगडून शंकररावांनी मला बाहेर काढले. माझी एक नळी पांढरी पडली होती, दुधाळ. तड्यातून हवा शिरली की व्हॉल्व्ह असाच मरतो. त्यांनी ती बोटाने हळूच हलवून पाहिली.

"हा मी मारला," ते म्हणाले.

नरेंद्रने कॅम्प तीनमध्ये, कल्याणला, मुंबईतही चौकशी केली. तसा व्हॉल्व्ह मिळाला नाही. तेव्हा माझी फक्त एक बाजू चालणार, एका स्पीकरची. नरेंद्रने आधी एक दिवा मधे जोडून मला जपून थोडी थोडी वीज दिली. इतक्या महिन्यांनी माझ्या अंगात ऊब आली. उरलेल्या नळ्यांमध्ये नारिंगी तार उजळली. शंकरराव यंत्राचा कान माझ्याकडे करून बसले होते.

"हा घूं करतो," ते म्हणाले.

"करतो," नरेंद्र म्हणाला.

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून, आप्पा."

शंकररावांच्या खांद्यांना हसू फुटले. आवाज न करता ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "लाव काहीतरी. आधी तुझ्यावर, मग ह्याच्यावर. चादर नको आज."

नरेंद्रने कव्वाली लावली. आधी चांदीच्या डब्यावर, मग माझ्यावर. शंकररावांनी दोन्ही शेवटपर्यंत ऐकली. घाई केली नाही.

"तुझ्यात शब्द जास्त कळतात," ते शेवटी म्हणाले. "टाळीसुद्धा मोजता येते. ह्याच्यात तसं नाही. ह्याच्यात घूं आहे, एक बाजू गेलेली आहे."

"मग?"

"मग काही नाही. मला हा आवडतो. चांगला कुठला ते मी आता सांगणार नाही. तू तुझा ऐक. रविवारी मी हा लावीन."

मित्रांनो, मला मोठा मान मिळाला असे मी म्हणणार नाही. घरातले रोजचे गाणे आता माझ्या शेजाऱ्यावरच वाजते. रुचिका रिमोट दाबते आणि ते लगेच सुरू होते, हे मला दिसते. माझ्या चालत्या बाजूचा व्हॉल्व्हही कधीतरी जाणार, आणि तो गेला की माझ्याजवळ दुसरा नाही. माझा आवाज आता शंकररावांपर्यंत पोचतो तोही त्या कानातल्या इवल्या डिजिटलच्या हातून. पूर्वी मला हे लागले असते. आता नाही लागत. पोचतो, एवढे पुष्कळ झाले.

तुम्हाला एकच विनंती करतो. तुमच्या घरातही कोणीतरी विचारले एक तर उत्तर दुसरेच देत असेल. हाक मारली तर वळत नसेल. तुम्हाला राग येईल, हसूही येईल. त्या वेळी लांबून पुन्हा हाक मारू नका. उठा, त्यांच्या समोर जाऊन बसा, त्यांना तुमचा चेहरा दिसू द्या, आणि मग सावकाश विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थोडे थांबा. काही जणांना उजळायला वेळ लागतो.